माझं चालणं आणि सासरची जीप

चौसाळ्यात धडधाकट माणूस हायवेनं पायी चालला, तर त्याच्यावर नक्कीच काहीतरी संकट कोसळलेलं असतं. बावन्न वर्षं तिथं काढूनही हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी चाललोच नव्हतो. माझं खत-बियाणांचं दुकान. सकाळी खुर्चीत बसायचं, संध्याकाळी उठायचं.

मग बीडच्या डॉक्टरांनी माझा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "रोज तासभर चाला. दहा दिवसांनी पुन्हा तपासू. साखर उतरली नाही, तर रोज पोटात सुई!" सुईला मी जाम भितो. (थोरल्या लेकीला लस टोचली, तेव्हा चक्कर मला आली होती. खाट मला दिली, लेक बाकड्यावर!)

दुसऱ्याच दिवशी पांढरे बूट घालून मांजरसुंब्याच्या दिशेनं निघालो. दोनशे पावलं झाली नसतील, तोच मागून शेजारच्या बाळूची मोटारसायकल आली.

"आण्णा, कावून पायी? बसा!"

"नको रे, चालायला निघालोय."

"म्हणूनच म्हंतो, बसा! सोडतो की!"

गाववाल्याच्या गाडीला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. बसलो. त्यानं मांजरसुंब्याला ढाब्यावर उतरवलं आणि वर भजी खाऊ घातली. आठवडाभर हेच! रोज नवा माणूस, रोज नवी गाडी. एकदा तर टेम्पोत दोन म्हशींच्या मधोमध उभा राहून गेलो. सात दिवसांच्या चालण्यानं माझं वजन दीड किलोनं वाढलं.

बायकोनं, म्हणजे सुमननं, वजनकाटा पाहिला. "आवं, उद्या कुनाच्या गाडीवर बसलात, तर घरात घेनार न्हाई!"

आठव्या दिवशी पुन्हा बाळू. "आण्णा, कुठं चाललाव?"

"कुठंच नाही."

"मंग बसा की!"

"नको बाबा, सुमन घरात घेणार नाही!"

बाळूचा चेहराच उतरला. त्यानं गाडी सुसाट सोडली. तो रोज बीडला कामाला जातो, आणि वाटेत पाली लागतं. पाली माझी सासुरवाडी.

तासाभरात समोर जीप थांबली. मेहुणा दत्तू आणि सासरे उतरले. सासऱ्यांनी भर रस्त्यात हात जोडले. "पाव्हणं, पोरीचं चुकलं आसंल, पदरात घ्या. पन घर सोडून जाऊ नगा!"

"अहो मामा, मी नुसता चालतोय!"

"हाव, हाव. रागात मानूस चालतंयच," दत्तू म्हणाला आणि त्यानं मला उचलून जीपमध्ये घातलं.

त्यात धोंड्याचा महिना चालू! जावयाला देवासारखा मान आणि वर अनारशांचं वाण. सासूबाईंनी ताटात पुरणाचे धोंडे ठेवले आणि त्यावर तुपाची धार धरली. तपासणी परवावर आली होती. तेवढ्यात दत्तू सुमनलाही घेऊन आला. माझं ताट पाहून ती दारातूनच ओरडली, "आई, ह्यांना साखर हाय!"

"गप! नवऱ्याला उपाशी ठिवती, म्हणूनच निघाला बिचारा!" सासूबाईंनी आणखी एक धोंडा वाढला.

मला लाज वाटली. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. लग्नानंतर माझी एवढी मनधरणी कुणी केली नव्हती. दोन दिवस राहिलो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात साखर आधीपेक्षा जास्त निघाली. पहिली सुई टोचली, तेव्हा मी डोळे मिटून दत्तूचा हात धरला होता. त्या बिचाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"दाजी, आमच्यापायी झालं हे! भांडण झालंच न्हाई, हे आमाला नीट सांगायचं ना!"

"सांगणार होतो. पण तोंडात घास होता."

"दोन दिवस?"

"तेहतीस अनारसे होते, दत्तू."