शालिकरामने घातलेली वेणी

आमच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी कोण बसते, ते घरोघरी जाऊन पाहा. सून बसते. सून नसली तर लेक. लेक सासरी असली तर तिला निरोप जातो. पुरुषही बसतो, पण ओसरीवर, आल्यागेल्याला तब्येत सांगायला.

शालिकराम मात्र आत बसला. बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावरून घसरून त्याच्या बायकोचा, रुक्माबाईचा खुबा मोडला. ऑपरेशन झाले, पण पाय काही उभा राहिना. मुलगा संघदीप नागपुरात नोकरीला, त्याची बायकोही. म्हणून जन्मभर धानात वाकलेला हा म्हातारा आता बायकोला आंघोळ घालतो, कुशीवर वळवतो, तिची लुगडी धुऊन वाळू घालतो. बोरिंगवरच्या बाया तोंडाला पदर लावतात. तो बादली भरतो आणि ताठ मानेने चालू लागतो.

एके सकाळी लेक रंजिता आमगावहून ऑटो करूनच आली. आईला न्यायचेच, असे ठरवून. दारातूनच तिला आईचे डोके दिसले. धानाचे भारे बांधायला तणसाचा बंद वळतात ना, तशी शालिकरामने वेणी वळली होती. करकचून पीळ देऊन, टोकाला गाठ मारून. ताणाने रुक्माबाईच्या भुवया वर चढल्या होत्या.

"बाबा, हे माय होय का धानाचा भारा?"

"सुटली का पण? कालची हाय."

"हे बाप्यामाणसाचं काम नोहे. माय, चाल. ऑटो उभा हाय."

शालिकराम उठला. कोपऱ्यात जाऊन बायकोची लुगडी पिशवीत भरू लागला. एकच लुगडे तो घडी करी, मोडी, पुन्हा घडी करी. ही गेली तर उद्या सकाळी उठायचे कोणासाठी, हे त्याला कळत नव्हते.

रुक्माबाईचा खुबा मोडला होता, जीभ नाही.

"काऊन गे, तुयी सासू कशी हाय?"

"तशीच. खाटेवर."

"अन् मले नेऊन दुसरी खाट टाकशीन? उचलशीन कोणाकोणाले?"

"पाहू मंग."

"आज कोण पायते तिले?"

"तुमचे जावईच."

"जमते त्याले?"

"जमवून राहिले."

"वा गे वा! तुया नवऱ्याले जमते, अन् माया नवऱ्याले नाही?"

बाहेर ऑटोवाला खो खो हसला. रंजितालाही हसू फुटले, आणि हसता हसता ती आईच्या खाटेवर टेकली.

"काका, मंग मी जाऊ का?" ऑटोवाल्याने विचारले.

"जा गा," शालिकराम पिशवी रिकामी करत म्हणाला, "सांजच्याला ये. पोरगी एकटीच येईन."

चहा होईपर्यंत रंजिता आईच्या पायाशी आडवी झाली होती. सासूच्या हाकेवर उठणारी बाई, माहेरच्या खाटेवर पडल्या पडल्या घोरू लागली. रुक्माबाई काही सांगायला तोंड उघडणार, तोच शालिकरामने दटावले.

"हळू बोल. पोरगी झोपून राहिली."

आणि चहा झाकून तो अंगणातल्या कोंबड्या हाकलायला गेला.