सुमनच्या दारात 'येते' म्हणताना

सुमन गेली, हे मला तिच्या जावेनं, मंदानं, फोनवर सांगितलं. मी नुकताच चहा टाकला होता. सकाळी छातीत कळ आली, डहाणूला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढं सांगून मंदा थांबली... आणि मग म्हणाली, "बाई, राग नका मानू. पण त्या घरातून निघताना तुमी दर खेपेला येते म्हणायच्या. मी तवाच बोलले होते." फोन ठेवला तेव्हा चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. आता महिना उलटून गेला. राग मी मानलाय, आणि तो उतरायचं नाव घेत नाही.

सुमननं आणि मी तलासरीकडच्या एका शाळेत वर्षानुवर्षं बरोबर शिकवलं. मी डहाणूला एसटीत बसायची, ती वाटेत चिखल्याला चढायची, आणि चढल्या चढल्या अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मला आदल्या दिवशीचं गाऱ्हाणं सांगायची. गाऱ्हाणं बहुतेक नवऱ्याचंच. दत्ताभाऊंची चिकूची वाडी होती. चिकू उतरवण्याआधी नखानं जरासा ओरखडून बघायचा, आत हिरवं दिसलं तर झाडावर राहू द्यायचा, ही त्यांची रीत. घरात खायला ठेवलेल्या चिकूंवरही त्यांचं नख फिरायचंच. "एक फळ धड ठेवत नाही हा माणूस," असं म्हणत ती तोच ओरखडलेला चिकू डब्यातून काढून मला द्यायची. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांना पुरून उरायची.

दत्ताभाऊ वाडीतच कोसळले, तेव्हा तेरा दिवस ते घर माणसांनी भरलेलं होतं. बसायला जागा नव्हती. आणि आपल्याकडची रीत तर सगळ्यांना ठाऊक आहे, दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नाही. म्हटलं तर पुन्हा तशाच कारणानं त्या घरी यावं लागतं म्हणतात. माणसं चप्पल पायात सरकवून, मान खाली घालून गुपचूप निघून जायची. मीही तशीच गेले. ही रीत आमच्या लोकांनी इतक्या इमानानं पाळली की तेराव्यानंतर खरोखरच कुणी आलं नाही.

सुमननं दार लावून घेतलं. फोन बंद. वाडी तिनं मंदाच्या नवऱ्याच्या हवाली केली. मी आठवड्याला एकदा डबा घेऊन जायची. दार उघडायचं नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. पुढच्या खेपेला आधीचा डबा तिथंच घासूनपुसून, रिकामा ठेवलेला असायचा. रिकामा डबा कधी परत न करणारी बाई ती! आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर तिच्या नावानं रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे, ते तिला दिसतही नव्हते. वाटेत भेटणारा प्रत्येक जण मला सल्ला द्यायचा. तिला तीर्थयात्रेला न्या, भजनी मंडळात घाला, मन रमवा तिचं. यातला एक जण तिच्या ओट्यापर्यंत चालत गेला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

पावसाळा सरताना एक दिवस डबा ठेवून मी रीतीप्रमाणे मुकाट्यानं वळले, तर आतून आवाज आला. किती महिन्यांनी ऐकला तो आवाज... बसलेला, पण तिचाच.

"सगळे न बोलता गेले गं. हेसुद्धा. तू तरी सांगून जात जा."

मी खिडकीशी तोंड नेऊन म्हणाले, "येते, सुमन." शेजारच्या ओट्यावर मंदा तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. असं बोलू नये, शिकलेल्या माणसाला कळायला हवं, असं ती मला फाटकापर्यंत ऐकवत आली. मी पुढच्या खेपेला आणखी मोठ्यानं म्हणाले.

मग एकदा डब्यात दोन चिकू निघाले. दोन्ही नखानं ओरखडलेले. ती वाडीत जाऊन आली होती. मी तिथंच ओट्यावर बसून रडले, आणि रडता रडता तिला शिव्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांनी दार उघडलं. केस विस्कटलेले, अंगावर विटका गाऊन, आणि पहिलं वाक्य काय, तर म्हणे, "तुझ्या आमटीला मीठ कमी असतं. इतके दिवस सांगायचं राहिलं." त्या दिवशी निघताना मी येते म्हणण्याआधी तीच म्हणाली, "आता पुढच्या खेपेला तू नको. मी येते तुझ्याकडे." मी तिच्यासाठी सुरमई सांगून ठेवली होती. ती यायची त्याच आठवड्यात मंदाचा फोन आला.

मला सुमनचाही राग येतो. जवळजवळ वर्ष तिनं बंद दाराआड घालवलं, आणि दार उघडून मला जेमतेम एक दुपार दिली. आणि कधी कधी, खोटं कशाला बोलू, मंदाचं वाक्य मनात येतं. मी नसते म्हणाले तर? लगेच स्वतःचीच चीड येते. तो शब्द तिनं मागून घेतला होता. त्या घरात दुसरं कुणी तिला काही द्यायला आलंही नव्हतं.

तिच्या दहाव्याला घर पुन्हा भरलं होतं. तीच माणसं. किती प्रेमळ होती, किती एकटी पडली बिचारी, असं एकमेकांना सांगत होती. मंदानं माझा डबा आणून दिला, घासूनपुसून. आत चार चिकू होते, म्हणाली, नासायला लागले होते, टाकून दिले. मग एकेक जण उठून न बोलता निघाला. मी चप्पल घालून मागच्या बाजूला गेले. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती.

"येते गं, सुमन," मी म्हणाले, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मंदानं तोंड फिरवलं.

डबा मी घरी आणला नाही. तिच्या खिडकीतच ठेवून आले. आणायला जावं लागेल.