मेकॅनिक न येता सुधारलेलं शटर

ते शटर आणि त्याखाली सापडलेली ती बाई अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा मी पश्चिम नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातली टळटळीत दुपार कलत होती. एका बंगल्याच्या मालकाने गॅरेजमधून गाडी बाहेर काढली आणि आत बसूनच रिमोटचं बटण दाबलं. खाली येणारं लोखंडी शटर थेट त्याच्या बायकोच्या पाठीवर बसलं. ती उंबऱ्यापाशी वाकून कुंडी सरकवत होती.

मालकाची फिर्याद ठाम होती: शटरवाल्याने सेन्सर लावलेच नाहीत. सेन्सर म्हणजे दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या खाली समोरासमोर बसवलेले दोन डोळे. मध्ये कोणी आलं की शटर आपोआप वर जातं. पंचनाम्यात त्या दोन्ही जागा रिकाम्या निघाल्या. नुसती स्क्रूची भोकं होती.

शटर बसवणाऱ्या मेकॅनिकला हिंगण्याहून आणलं. बाई आयसीयूत होती. तिचं बरंवाईट झालं असतं तर कलम वाढलं असतं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"साहेब, मी दोन्ही लावून दिले होते. चालवून दाखवले होते. मले काहून फसवून राहिले?"

"मग गेले कुठे?"

"मले काय मालूम! मी तिकडं पुन्हा गेलोच नाही."

दम दिला, फिरवून फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला थोडा मीठमसाला वाढवतो. हा तेवढंच बोलत होता. बाहेर बाकड्यावर त्याची बायको डबा मांडीवर धरून बसली होती आणि माझ्या हातात त्याला सोडण्याजोगं काहीच नव्हतं.

तेवढ्यात बीटवरच्या हवालदाराने निरोप आणला. बंगल्यासमोर इस्त्रीचा ठेला लावणाऱ्या बाईला काही सांगायचं होतं. मी स्वतः गेलो.

"उन्हाळा लागल्यापासून रोज संध्याकाळच्या टायमाले ते शटर अर्ध्यावर यायचं अन् वापस वर जायचं," ती म्हणाली. "मालक गाडीतूनच बाईवर ओरडायचे. मंग एक दिवस एकदम सीधं बंद व्हायले लागलं. पण मेकॅनिक तं आलाच नाही, साहेब. मी दिवसभर इथंच असते."

माझं डोकं तिथेच चाललं. पुन्हा गॅरेजमध्ये शिरलो. मावळतीचं ऊन सरळ चौकटीवर पडलं होतं. त्या उन्हाने सेन्सर दिपायचा आणि शटर मागे फिरायचं. भोकापासून एक नवी वायर वर माळ्याकडे गेली होती; पंचनाम्यात ती नजरेतून सुटली होती. माळ्यावर रंगाच्या डब्यांमागे दोन्ही सेन्सर सापडले, टेपने एकमेकांसमोर घट्ट बांधलेले. त्यांच्या मध्ये आता कधीच कोणी येणार नव्हतं. शटरला रस्ता कायम मोकळाच दिसत होता.

"मी नाही केलं," मालक म्हणाला. मला ते मुळीच पटलं नाही. घरात नवरा-बायको दोघंच, बटण दाबणारा हा आणि खाली ती. हा अपघात नसावा, अशी भीती मनात शिरली. मी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जबाबाला परवानगी दिली. बाई थांबत थांबत बोलली. "मीच केलं, साहेब. मोबाइलवर पाहून. रोजची कटकट नको म्हणून." मग माझी बाही धरून म्हणाली, "यांले सांगू नका. चिडतील."

कमरेखाली पाय हलत नव्हते, आणि काळजी याची! मला भयंकर राग आला.

मेकॅनिकला लगेच सोडलं. मागे न पाहता बटण दाबल्याबद्दल मालकावर गुन्हा नोंदवला. तिचा जबाब लपवणं कायद्यात बसणारं नव्हतं. मी त्याला तिचं शेवटचं वाक्यही ऐकवलं. तो चिडला नाही. भिंतीला टेकून खाली बसला.

बाई वाचली, काठी घेऊन चालू लागली. तेव्हापासून एखाद्या घरातली कटकट एकाएकी थांबली असं कानावर आलं की मी आधी विचारतो, ती कोणी थांबवली आणि कशाने. त्या घरात त्या माणसाला अडवणारं एकटं ते शटरच होतं. तिने तेही गप्प केलं.