जवळ कोण पायजे?

श्रीमोरेश्वराचे स्मरण करून, नातीच्या बारशानिमित्त, अंथुर्ण्याच्या दवाखान्यातील नर्सबाईंविषयी लिहितो.

प्रसूतीस आलेल्या प्रत्येक स्त्रीला त्या प्रथम विचारतात, "बाय, जवळ कोण पायजे तुला?" न विचारता अंगाला हातही लावीत नाहीत.

आमची सून पहिलटकरीण; आत एकटीच पडून भयाने कापत होती. ती म्हणाली, "आई."

विहीणबाई विधवा, शुभप्रसंगी पुढे नकोत, म्हणून मीच त्यांना बाहेर बसवले होते.

नर्सबाई म्हणाल्या, "आबा, तुमचं शास्तर ऱ्हाऊ द्या. कळा तिला येत्यात, तुमाला न्हाय."

मी दारातून बाजूला झालो. आईचा हात हाती येताच सुनेचे कापणे थांबले. नातीला प्रथम विहीणबाईंनीच उचलून घेतले.

वाचकहो, आपल्या घरच्या माता निर्भय असोत, बालके दीर्घायुषी होवोत.