जीभ ‘ई’ची, ओठ ‘ऊ’चे

पगारे मॅडमच्या जर्मनच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी वही काढायची नसे, गरम चहाचा कप हातात घ्यायचा. “म्हणा ‘ई’. आता जीभ तिथंच ठेवा, हलली तर माझ्याशी गाठ आहे! आणि ओठ चहावर फुंकर घालतो तसे गोल करा.” डोक्यावर दोन टिंबं असलेला तो जर्मन स्वर! आम्ही सगळ्या जर्मनीला निघालेल्या नर्सेस. आमच्या तोंडून ‘यू’ निघायचा, नाहीतर सरळ ‘ऊ’. मॅडम कपाळावर हात मारून घ्यायच्या. “अगं बायांनो, माझ्या ओठांकडे बघा. मी करते तस्संच करा!”

त्या स्वरावर त्यांचा भारी जीव. “फ्रेंचांकडे आहे, तुर्कांकडे आहे, चिन्यांकडेसुद्धा आहे. मराठीत नाही, तर नसू दे. जीभ आपली, ओठ आपले, सामान सगळं घरचंच आहे की! एकत्र कधी शिजवलं नाही, एवढंच.” मी सिन्नरच्या बसमध्येही सराव करायची. शेजारच्या मावशींनी एकदा काळजीनं विचारलं, “पोरी, दात दुखतोय का लय?”

आणि एका सकाळी क्लास बंद झाल्याचा निरोप आला. मॅडमच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते, पण बाई कुणाला दारात उभं करीनात. मी मात्र हटून आत शिरले. तोंडावर रुमाल धरून त्या म्हणाल्या, “ज्या तोंडाकडे बघा म्हणायचे, तेच गेलं गं. आता काय शिकवू?” आणि रडल्या. मलाही भरून आलं. पण मी पडले नर्स. आरसा त्यांच्यापुढे धरून म्हटलं, “गाल फुगवा.”

“मला शिकवतेस होय?”

“हो, शिकवते. फुगवा!”

रोज भांडत भांडत डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले. चेहरा बराच सावरला, स्वरही परत आला. फक्त ओठ गोल करताना तोंड एका बाजूला ओढलं जायचं. त्यांनी नवी बॅच सुरू केली, पण तो स्वर आला की ओठांवर रुमाल धरून फळ्याकडे तोंड करायच्या. जर्मनीला जाण्यापूर्वी मी निरोप घ्यायला गेले, तेव्हाही तेच चाललेलं. पोरी बिचाऱ्या ‘यू, यू’ करत होत्या. मला राहवेना.

“मॅडम, फळ्याला जर्मनीला पाठवायचंय का? ओठ दाखवा की!”

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता हाकलतात. मग सावकाश वळल्या, ओठांवरचा रुमाल काढला आणि तो स्वर म्हणून दाखवला.

पोरींनी अगदी तस्संच केलं. झाडून सगळ्यांनी तोंडं एका बाजूला ओढली. स्वर मात्र एकीचाही चुकला नाही!

मॅडम बघतच राहिल्या. “अगं भवान्यांनो, वाकडेपणा माझा आहे, तो नका उचलू!” म्हणाल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भर वर्गासमोर, सगळं तोंड उघडं टाकून हसल्या.