पाचव्या दिवसाआधीची बाळं

कुणी माझ्या संशोधनाचं कौतुक केलं की मला आजही धडकी भरते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी सोलापुरात नवखी डॉक्टर होते. जिल्ह्यातल्या केम गावाच्या आसपास हिंडून नवजात बाळांची वजनं घेतली, त्यावर निबंध लिहिला आणि तो छापून आला. वर्षभराने एका अनोळखी संशोधकाने आपल्या लेखात त्याचा दाखला दिला. आयुष्यातला पहिलाच! तो अंक घेऊन मी तडक माझ्याबरोबर हिंडलेल्या सुईणीकडे गेले आणि त्यातलं दाखल्याचं वाक्य मराठीत वाचून दाखवलं: या भागातली बाळं चांगल्या वजनाची आहेत, इथे वेगळ्या मदतीची गरज नाही.

ती हसली नाही. "डाक्टरीनबाई, पाचवी पुजल्याबिगर कुनी लेकरू काट्यावर ठिवू दिलं न्हाय. त्याच्या आदीच गेली, ती कुटं लिवली?"

पाचवीचं तिने मला वजनं घेतानाच सांगितलं होतं की! "चार दिवसांनी काय बिघडतंय?" म्हणून मीच तिच्यावर खेकसले होते. गेलेली बाळं बहुधा सगळ्यांत हलकी असणार, आणि तीच माझ्या तक्त्यात नव्हती.

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला मी दुरुस्तीचं पत्र धाडलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ते छापून आलं. त्याचा दाखला आजवर कुणी दिला नाही. निबंधाचा मात्र देतच राहिले. लोक अभिनंदन करायचे आणि मी मनात विचारायचे: आता कुठल्या गावाची मदत थांबली?