बेबीनंदाचा गाळ

बेबीनंदाशी गावात कुणी वाद घालत नसे. ती दुसऱ्या वाक्यालाच हात टाकायची. तरुणपणी नवरा राजानंद पट्ट्यानं मारायचा. एके सकाळी तिनं मुसळ उचललं आणि त्याचा खांदा मोडला. तो गेला, परत आला न्हाई. मागं उरलं अंबड तालुक्यातलं दोन एकर रान आणि एक शेततळं. त्यात तिनं मासे सोडले.

मासे पोसायचे म्हणजे त्यांची घाणही पोसायची. विष्ठा, उरलेलं खाद्य, सगळं तळाला काळं साचतं. दर दोन दिवसांनी बेबीनंदा खालचा कॉक उघडायची आणि तो गाळ ओढ्यात सोडायची. ओढ्याला लागूनच शेजारच्या धर्मराजची विहीर होती.

धर्मराज दोनदा सांगून गेला. "बाई, पाणी नासून राह्यलं."

"ओढा तुझ्या बापाचा का रे?"

तिसऱ्या खेपेला ते पाणी पिऊन त्याची म्हैस गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. तो भर दुपारी कोयता घेऊन आला आणि शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद वरपासून खालपर्यंत फाडत गेला. पाणी भसाभसा रानात शिरलं. हजारो मासे चिखलात तडफडू लागले. बेबीनंदानं लोखंडी पाइप उचलला आणि त्याच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज बांधापलीकडच्या माणसांनी ऐकला. पडता पडता त्यानं कोयत्याची उलटी बाजू तिच्या कोपरावर हाणली. दोघांना एकाच टमटममधून दवाखान्यात नेलं, तर वाटेतही दोघं एकमेकांना लाथा घालत होते.

परस्परांवर केसा झाल्या. वकील म्हणाला, "पुन्हा गाळ ओढ्यात गेला, तर मी काही करू शकणार न्हाई."

प्लास्टरमध्ये हात, तळं रिकामं. बेबीनंदा महिनाभर धर्मराजला शिव्या घालत राहिली. पण आत कुठं तरी तिला ठाऊक होतं, म्हैस आपल्याच गाळानं गाभडली.

भावाची पोरगी मोनाली जालन्याला जिवाणूशास्त्र शिकत होती. ती सुट्टीला आली आणि म्हणाली, "आत्या, हा गाळ म्हणजे जिवाणूंचं जेवण हाय. कॉलेजात आम्ही महागडी पावडर घालून जिवाणू वाढवतो. तेच सगळं यात हाय. उकळायचा, गाळायचा, गूळ टाकायचा, पुन्हा उकळून थंड करायचा. मंग दह्यासारखं विरजण लावायचं."

"कशाचं विरजण?"

"जमिनीत अडकलेलं स्फुरद, म्हंजे फॉस्फरस, पिकाला मोकळं करून देणाऱ्या जिवाणूंचं."

नवा कागद घातला, मासे सोडले, गाळ साठवला. पण उकळायला वेळ कुणाला? बेबीनंदानं कच्चाच गाळ गुळात कालवला, ड्रमचं झाकण गच्च आवळलं आणि उन्हात ठेवला. मोनाली ओरडत होती, "हवेला वाट ठेव, आत्या!" चौथ्या दिवशी ड्रम फुटला. झाकणानं बेबीनंदाचा गाल ओठापासून कानापर्यंत फाडला. ती रक्तबंबाळ उठली आणि पाइपनं ड्रम पार चपटा होईस्तोवर बडवत राहिली. मोनाली रडत होती. गालाला अकरा टाके पडले.

त्यानंतर मात्र ती मोनालीचं ऐकू लागली. दोनदा उकळायचं, स्वच्छ कापडातून गाळायचं, मोनालीनं कॉलेजातून आणलेलं विरजण लावून तळ्याच्या हवेच्या पंपानं तीन दिवस हवा द्यायची. मोनालीनं थेंबभर नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि फोन केला, "आत्या, लय दाट वाढलेत!" बेबीनंदा ते जिवाणू-खत कॅनमध्ये भरून, सावलीत ठेवून विकू लागली.

ड्रम दिसले तसा धर्मराज पुन्हा आला. डाव्या हातात काठी. आता ही गाळ साठवून विहिरीत ओतणार, अशी त्याची खात्री होती. त्यानं तीन कॅन फोडले. बेबीनंदानं पाइपकडं हात नेला, मग मागं घेतला. त्याची मान धरली आणि तोंड ड्रममध्ये बुडवलं.

"हुंग! हुंग म्हणते ना!"

तो खोकत, थुंकत वर आला. काठी केव्हाच हातातून गळाली होती. ओल्या मातीसारखा आंबूस वास त्याच्या मिशीला लागला होता.

"घाण न्हाई येत," तो पुटपुटला.

"मंग मी काय करून राह्यले? तुझ्या विहिरीसाठीच मरून राह्यले ना?"

तो मिशी पुसत निघून गेला. त्याचं तोंड बुडालेला अख्खा ड्रम बाद झाला. मोनालीनं तो आत्याच्याच रानात ओतायला लावला.

पुढच्या पावसाळ्यानंतर विहीर निवळली. धर्मराजची बायको सगुणाबाई तुरीच्या बियाण्याला लावायला एक कॅन घेऊन गेली. त्याला ते कळलं, पण त्यानं कॅन परत पाठवला न्हाई. त्याचं मनगट वाकडंच राहिलं. कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच एसटीनं अंबडला जातात, एक पुढं बसतो, एक मागं.

मागच्या महिन्यात अंबडच्या बाजारात एका दुकानदारानं बेबीनंदाचे कॅन भर उन्हात मांडलेले तिला दिसले. "मेले ना सगळे!" म्हणत तिनं चारचौघांत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. दुकानदारानंही केस केली, तेव्हा वकिलानं कपाळाला हात लावला.

"बाई, कोण मेलं?"

"जिवाणू!" बेबीनंदा म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरून आले होते.